नेम कुणाचा चुकला?

१ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी महाराष्ट्रातली पुष्कळ घरे टीव्हीसमोर श्वास रोखून बसली होती. पॅरिस ऑलिंपिकमधली नेमबाजी फ्रान्समधल्याच शातोरू या गावी चालली होती. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला लागलेला स्वप्नील कुसाळे आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून आणि शेवटी उभे राहून गोळ्या झाडत होता. ४५१.४ गुण झाले आणि कांस्यपदक त्याच्या गळ्यात पडले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे जावी लागली.

तसा रायफल हा खेळ मराठी माणसाला परका राहिलेला नाही. अंजली भागवत २००० साली सिडनीत अंतिम फेरीत पोचल्या, सुमा शिरूर २००४ साली अथेन्समध्ये. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या. या बातम्या वाचताना आपण पदक पाहतो. त्यामागचे अंतर आणि माप मात्र आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. दहा मीटरच्या एअर रायफलीत तर ते अर्ध्या मिलिमीटरचे. वहीवर पेनाचे टोक टेकवल्यावर उमटते तेवढेच टिंब! अशा टिंबाशी ज्यांची गाठ आहे, त्यांना केसाएवढा फरकही महाग पडतो. आज सांगायचे आहे ते या केसाएवढ्या फरकाविषयी, आणि तो फरक पडला की घरातली माणसे कुणाकडे बोट दाखवतात त्याविषयी.

आमच्या आंजर्ल्याला बंदूक नवी नाही. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा, त्याच्या तटावर एके काळी तोफा. पण गावातल्या माणसाची बंदुकीशी ओळख झाली ती नारळी-पोफळीच्या बागेत. वानरांची टोळी उतरली की शहाळी, केळी, आंबे यांची जी धूळधाण होते, ती पाहिलेल्या माणसाला बाराचा आवाज गोड वाटतो. शेतीरक्षणाच्या परवान्यावरची जुनी ठासणीची बंदूक असो की दिवाळीतला उरलेला सुतळी बॉम्ब, त्याचे काम एकच, मोठ्याने वाजणे. आवाजच झाला नाही तर ती बंदूक आमच्या लेखी फुकट. तेव्हा बंदुकीचा आवाज कमी करण्यासाठी कुणी डोके चालवले असेल, यावर आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांचा विश्वास बसणे कठीण.

पण तसे डोके चालवले गेले, आणि तेही एका बंदूकवाल्याच्याच घरात. हायरम मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास मशीनगन बनवली. तिच्या धडधडाटात त्यांचे स्वतःचे कान गेले. त्यांच्या मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. फटफटीच्या धुराड्याला जो सायलेन्सर असतो, त्याचे आणि याचे तत्त्व एकच. नळीतून सुटलेला तापलेला वायू एकदम हवेत न सोडता कप्प्याकप्प्यांतून फिरवून, थंड आणि मंद करून सोडायचा. फिनलंड, नॉर्वे अशा देशांत शिकारी तो सर्रास वापरतात. कान वाचतात, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणाऱ्या उपकरणाला बंदुकीच्याच व्याख्येत बसवले आहे. म्हणजे नुसता तो डबा जवळ बाळगणे हीदेखील शस्त्र बाळगल्यासारखीच गोष्ट. गंमत म्हणून कुणी या वाटेला जाऊ नये, हे आधीच सांगून ठेवतो.

परदेशातल्या या शिकाऱ्यांची सायलेन्सरविषयी एक जुनी तक्रार आहे. तो बसवला की आवाज जातो हे खरे, पण त्याबरोबर कधी कधी नेमही जातो. कालपर्यंत जिथे गोळी बसत होती तिथे आज बसत नाही. ही तक्रार मला आंजर्ल्यात बसून नीट समजली ती माझ्या नातीमुळे. तिच्या रायफलीला सायलेन्सर नाही, नसतोच. पण नळीच्या टोकाला एक जोडनळी आली आणि तिथून घरात महाभारत सुरू झाले.

ही माझ्या चुलत पुतण्याची मुलगी. वय वर्षे सोळा. शाळेच्या स्पर्धेत एअर रायफल हातात धरली आणि तिला ती आवडली. तिच्या रायफलीसारख्या साडेचार मिलिमीटर नळीच्या आणि वीस जूलच्या आतल्या एअर रायफलीला आजच्या नियमांप्रमाणे शस्त्रपरवाना लागत नाही. किंमत मात्र लागते. पुतण्याने आंब्याच्या एका चांगल्या हंगामाचे पैसे आणि वर थोडे कर्ज घालून वापरलेली रायफल घेतली. घराशेजारचा जुना गोठा बारा-तेरा मीटर लांब आहे. गुरे गेल्यापासून तो रिकामाच होता. त्याच्या टोकाला चिऱ्याची भिंत, तिच्यापुढे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, मध्ये दिव्याचा झोत. ती नेम धरत असताना गोठ्याला आतून कडी, आणि पेटीच्या बाजूचे दार कायमचे खिळे ठोकून बंद. हा तिच्या आजीचा हुकूम, आणि तो अगदी योग्य होता.

साठ फैरींत तिचे ६०५ च्या आसपास गुण होऊ लागले होते. मग उन्हाळ्यात कुणाकडून तरी एक लांब जोडनळी मिळाली. स्पर्धेच्या एअर रायफलीत मूळ नळी आखूड असते. तिच्यापुढे एक पोकळ नळी जोडतात आणि पुढची माशी त्या जोडनळीवर बसवतात. मागची साइट आणि पुढची माशी यांच्यातले अंतर वाढले की नेम धरताना झालेली बारीक चूक डोळ्याला लवकर दिसते. थोडे वजन पुढे गेल्यामुळे रायफल हातात स्थिरही राहते. म्हणजे वस्तू उपयोगाची. पण ती लावल्यावर पंधरा दिवसांत मुलीचे गुण ५८५ वर आले, आणि तिथेच रुतून बसले.

घरात निदाने सुरू झाली. मोबाइल फार बघते. दहावी झाली आणि डोक्यात वारे शिरले. झोप नीट नाही. वयच असे असते. पुतण्या तर एका रात्री मला म्हणाला, "काका, तिचं मन उडालंय त्यातून. रायफल विकून टाकतो, कर्ज तरी फिटेल." मुलगी दाराआड उभी राहून हे ऐकत होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने गोठ्याची कडीच काढली नाही.

मी आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढली. संगणक येण्याआधीच्या काळात संध्याकाळी ताळा जुळला नाही की सगळ्यांच्या नजरा आधी कॅशियरकडे वळत. बिचाऱ्याचा चेहरा उतरे. आमचे एक जुने हेड क्लार्क त्या वेळी एकच गोष्ट करत. "माणसाकडे नंतर बघू, आधी फरकाकडे बघा," म्हणत आणि फरकाच्या आकड्याला ९ ने भागत. भाग गेला तर कुठे तरी ५४ चे ४५ लिहिले गेले असण्याची शक्यता. फरक समसंख्या असेल तर त्याच्या निम्मी रक्कम नावेऐवजी जमेला पडली आहे का ते पाहायचे. फरक कसा आहे, यावरून तो कुठे आहे हे निम्मे कळते. नेमबाजीतही नेमके हेच आहे, हे मला तिच्या टार्गेटचे कागद पाहताना उमगले.

नळीच्या टोकाला काही जोडल्यावर जे बिघाड होतात, त्यांच्या चार तऱ्हा आहेत. पहिली तऱ्हा म्हणजे सगळे छर्रे एकमेकांच्या जवळच बसतात, पण सगळा पुंजका एका बाजूला सरकलेला असतो. हा बिघाडच नव्हे. हे घड्याळ पाच मिनिटे पुढे असण्यासारखे आहे. साइटचे दोन-चार कट्ट फिरवले की झाले. दुसरी, पुंजकाच विस्कटतो, छर्रे चारी दिशांना. तिसरी, सुरुवात चांगली होते आणि मग पुंजका हळूहळू एका बाजूला सरकत जातो. चौथी, नऊ छर्रे जागेवर आणि एकच कुठे तरी भलतीकडे.

यांची कारणे वेगवेगळी आहेत. पहिल्या तऱ्हेचे कारण समजून घ्यायला आंबे काढायचा झेला आठवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आमच्याकडे घरोघरी आहे. रिकामा झेला बांबूच्या टोकावर एका तऱ्हेने डुलतो. त्यात दोन हापूस पडले की तोच बांबू वेगळा वाकतो, वेगळा डुलतो आणि देठ चुकतो. बांबू बिघडलेला नसतो, हातही तोच असतो, फक्त टोकाचे ओझे बदललेले असते. बंदुकीची नळी पोलादाची, पण बार उडताच तीही थरथरते आणि गोळी त्या थरथरीतल्या कोणत्या क्षणी बाहेर पडते त्यावर ती कुठे जाणार हे ठरते. टोकाला सायलेन्सरचे वजन आले की थरथर बदलते, नळी किंचित झुकतेही. एअर रायफलीत हा हादरा फार सौम्य असतो, पण झुकणे असतेच.

पुंजका विस्कटला तर पहिला संशय ढिलेपणावर घ्यावा. आटे नीट बसले नाहीत, टेकणारा भाग स्वच्छ नाही, स्क्रू एकीकडेच आवळला. लाकडी दस्त्याच्या बंदुकीत आणखी एक गोष्ट होते. आपल्याकडे पावसाळ्यात दारे फुगतात तसा दस्ता फुगतो आणि नळीला टेकतो. त्यात पुढचे वजन नळीला खाली दाबते. जिथे नळी मोकळी असायला हवी तिथे नळी आणि दस्ता यांच्यामध्ये दहाची नोट घालून सरकवून पाहावी. नोट अडली तर नळी तिथे टेकते आहे. बँकवाल्याला आवडावी अशी ही परीक्षा!

हळूहळू सरकणाऱ्या पुंजक्याचे कारण बहुधा सैल होत जाणारी जोड, नाही तर उष्णता. फैरींवर फैरी झाडल्या की सायलेन्सर तापतो आणि त्यावरची हवा उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यावरच्यासारखी थरथरू लागते. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला लक्ष्यच हललेले दिसते. आणि एखादीच गोळी भलतीकडे गेली तर ती आतल्या कप्प्याच्या कडेला घासून गेली असण्याची शक्यता धरावी. सायलेन्सर वाकडा बसला की असे होते. हा प्रकार धोक्याचा. तिथे पुढची गोळी न झाडता थांबायचेच असते.

आता नातीचे कागद. तिने तारखा घालून सगळे ठेवले होते, हा तिचा मोठा गुण. प्रत्येक कागदावर दहा-दहा फैरी. मी ते ओटीवर ओळीने मांडले. पहिल्या दहा फैरींचा पुंजका सुरेख. दुसऱ्या दहांचा किंचित वर आणि उजवीकडे. तिसऱ्यांचा आणखी. मग तिने साइट फिरवलेली, की पुन्हा मध्यावर, आणि पुन्हा तीच वाटचाल. मन उडालेल्या मुलीचे छर्रे चारी दिशांना जातील. ते रोज एकाच दिशेने, एकाच क्रमाने कशाला जातील? हा फरक ९ ने भाग जाणारा होता.

मग हिशेब केला. साठ फैरींत २० गुण गेले, म्हणजे फैरीमागे एक तृतीयांश गुण. या टार्गेटवर एका वर्तुळापासून दुसरे अडीच मिलिमीटरवर असते. म्हणजे सरासरीने प्रत्येक छर्रा ०.८ मिलिमीटर भरकटत होता. माशी आणि मागची साइट यांच्यात सुमारे ८० सेंटिमीटर, आणि टार्गेट दहा मीटरवर. माशी ०.१ मिलिमीटर हलली तर छर्रा सव्वा मिलिमीटर सरकतो. माणसाचा केस साधारण तेवढाच जाड. म्हणजे एवढ्या सगळ्या रडारडीमागे माशीचे एका केसाहूनही कमी हलणे पुरेसे होते. आणि माशी बसली होती नव्या जोडनळीवर.

संशय आला म्हणून लगेच स्क्रू आवळायचा नाही, हा ताळ्याचा दुसरा धडा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर फरक निघूनही जाईल, पण कशाने गेला ते कळणार नाही, आणि न कळलेला फरक परत येतो. आम्ही छर्‍यांचा डबा एकच ठेवला, वेळ एकच, दिवा एकच. पहिल्या दिवशी जुनी आखूड जोडनळी. चाळीस फैरी, पुंजका जागेवर. दुसऱ्या दिवशी नवी. पुंजका निघाला वर-उजवीकडे. तिसऱ्या दिवशी पुन्हा जुनी. पुन्हा जागेवर. एवढ्यावर मी थांबलो असतो, पण तिच्या सरांनी आणखी एक गोष्ट सुचवली. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, नवी नळी लावून त्यांनी स्वतः तीस फैरी झाडल्या. पुंजका त्यांच्याही हातून त्याच वाटेने गेला. सर काही बोलले नाहीत. कागद काढून त्यांनी पुतण्याच्या हातात दिला. मुलगी गोठ्याच्या दारात उभी होती. तिने एवढेच विचारले, "म्हणजे मी नाही?"

त्या तीन शब्दांसाठी हा सगळा खटाटोप होता, असे मला वाटते.

पुढचे काम सोपे होते. मूळ नळी आणि जोडनळी यांच्या सांध्यावर पेन्सिलीची एक सरळ रेघ मारली. हाताला नळी पक्की लागत होती, ओढूनही हलत नव्हती. चाळीस फैरींनंतर भिंगातून पाहिले तर रेघेची दोन टोके एकमेकांसमोर नव्हती. जोडनळी काढून आत पाहिले. तिच्या अॅल्युमिनियमच्या बैठकीत पांढरी भुकटी धरलेली. खारे वारे! आंजर्ल्यात खिडकीचे गज दोन वर्षांत खातात, तिथे या नळीचे काय. भुकटीमुळे नळी बैठकीत पूर्ण टेकत नव्हती. स्क्रू आवळलेला असूनही पकड अर्धीच होती. रायफल भरताना दर वेळी बसणाऱ्या लहानशा झटक्याने ती किंचित फिरत होती. शिवाय रायफल पेटीत मावावी म्हणून ती रोज नळी काढून ठेवी, त्यामुळे दर दिवशी ती नव्याच जागी बसे.

मऊ फडक्याने आणि लाकडी काडीने बैठक साफ केली. दोन स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. जोर लावून नव्हे, कारण अति आवळल्याने नाजूक नळी वाकडी होते. सांध्यावर तिच्या आईच्या नेलपॉलिशचा एक ठिपका दिला, म्हणजे पुढे कधी हलली तर ठिपका तुटून सांगेल. मग फैरी झाडल्या. पुंजका घट्ट बसला, पण मध्यापासून चार मिलिमीटर डावीकडे खाली. पुतण्या म्हणाला, "अजून चुकतंच की." मुलगी हसली आणि साइटचे कट्ट मोजत फिरवू लागली. हा पहिल्या तऱ्हेचा फरक आहे, घड्याळ पुढे असल्यासारखा, हे तिला आता कुणी सांगायची गरज नव्हती. नवी नळी जड असल्याने डावा हात लवकर थके, म्हणून सरांनी दस्त्यावरचे एक लहान वजन मागे सरकवून दिले, तेही दोन आठवड्यांनी, आधीचे सगळे स्थिर झाल्यावर.

पुढच्या स्पर्धेत तिला ६०३ गुण मिळाले. पदक नाही. पहिल्या तिघींत यायला त्याहून बरेच लागत होते. पण रायफल विकण्याचे कुणी काढले नाही, आणि घरी आल्यावर मोबाइलवरून बोलणी कमी झाली.

मला या प्रकरणात राहून राहून एका गोष्टीचे नवल वाटते. घरातली सगळी माणसे तिच्यावर प्रेम करणारी. तरीही गुण घसरताच सगळ्यांनी तिच्या मनात हात घालून चूक शोधली, नळीत बोट घालून कुणी पाहिले नाही. मनातली चूक शोधायला कष्ट पडत नाहीत. तिला पुरावा लागत नाही, भिंग लागत नाही, तीन दिवस एकच डबा वापरावा लागत नाही. मुलगा गणितात मागे पडला की आपण "लक्ष नाही" म्हणतो आणि त्याला फळा दिसतो का ते विचारत नाही. सुनेची पोळी करपली की तवा नवा आहे का, शेगडी बदलली का, हे कुणाच्या मनात येत नाही. प्रत्येक वेळी दोष वस्तूतच असतो असे मी म्हणत नाही. पुष्कळदा तो माणसातही असतो. पण वस्तू तपासायला दोन-तीन दिवस लागतात आणि कुणाचे मन मोडत नाही. उलट क्रमाने गेलो तर मोडलेले मन साफ करायला मऊ फडके पुरत नाही.

नातीने आता एक जाड वही घातली आहे. जुन्या खातेवहीसारखे रकाने मीच आखून दिले. तारीख, छर्‍यांचा डबा, दिवा, हवा दमट की कोरडी, पहिल्या दहांचा पुंजका, शेवटच्या दहांचा. शेवटचा रकाना 'बदल' असा आहे आणि त्यावर तिने स्वतःच्या अक्षरात नियम लिहून ठेवला आहे. एका दिवशी एकच नोंद.